लक्ष्मी रस्ता : एक दिवस चालणाऱ्यांचा, बाकीचे 364 दिवस?

11 डिसेंबर 2021 ला पुणे महापालिकेने लक्ष्मी रस्त्यावर पहिला ‘पादचारी दिन’ साजरा केला. नगरकर तालीम चौक ते गरुड गणपती चौक एवढ्या पट्ट्यात गाड्या बंद. लोक निवांत फिरले, मुलं खेळली, फोटो निघाले. नंतरही हा दिवस साजरा झाला. छान आहे, विरोध नाही. पण 12 डिसेंबरला रस्ता पुन्हा जैसे थे.

म्हणून थोडं स्पष्ट बोलतो. रस्ता एक दिवस बंद करणं म्हणजे समारंभ. तो नव्याने बांधणं म्हणजे धोरण. आपल्याला दुसरं हवंय.

आणि नव्याने बांधणं म्हणजे ‘सुशोभीकरण’ नाही. रंगीत ब्लॉक, कुंड्या, नक्षीदार खांब यांनी चालणाऱ्याचं काही भलं होत नाही. साध्या गोष्टी लागतात:

1) पातळी. डांबरावर डांबर चढवून पेठांमधले रस्ते इतके उंच झालेत की जुन्या वाड्यांचे उंबरे खाली गेले. पाऊस पडला की पाणी आत. आधी जुना थर खरवडून काढा, मग नवा टाका.

2) सलग फूटपाथ. इंडियन रोड्स काँग्रेसची मार्गदर्शक तत्त्वं (2012) सांगतात, चालायला किमान 1.8 मीटर मोकळी रुंदी आणि फूटपाथची उंची 150 मिलिमीटरपेक्षा जास्त नको. म्हणजे जेमतेम सहा इंच. गुडघे दुखणाऱ्या आजींना दर वीस पावलांवर उतरायला-चढायला लावणारा फूटपाथ हा फूटपाथच नाही. क्रॉसिंगला माणसाने खाली उतरायचं नाही, रस्ता वर यायला हवा. गाडी आपोआप हळू होते.

3) सायकल. सायकलवाल्याला गुळगुळीत पृष्ठभाग लागतो, निखळलेले ब्लॉक नाही. आणि ड्रेनेजच्या जाळीच्या फटी चाकाच्या दिशेने नकोत, आडव्या हव्यात. खर्च तोच, फक्त डोकं वापरायचं.

4) खोदाई. पाणी, वीज, केबल यांच्यासाठी आधीच डक्ट टाका. नाहीतर सहा महिन्यांत कुणीतरी खोदणार आणि वर ठिगळ लावून जाणार.

आता व्यापाऱ्यांचा आक्षेप. “गाडी लावायला जागा नसेल तर गिऱ्हाईक येणार कसं?” प्रश्न रास्त आहे, पोटाचा आहे, त्याची टिंगल करू नये. पण दुकानासमोर दिवसभर उभ्या असलेल्या गाड्यांपैकी गिऱ्हाइकांच्या किती आणि दुकानातल्याच लोकांच्या किती, हे व्यापारी संघटनांनी स्वतःच एक आठवडा मोजून बघावं. मालाच्या टेम्पोला पहाटे आणि रात्री ठरावीक वेळ द्या. आजारी माणसं, अपंग, तिथले रहिवासी यांच्या गाड्यांना मुभा हवीच. शिवाय 29 सप्टेंबर 2024 पासून मंडईला मेट्रो येते. मेट्रोतून उतरलेला प्रत्येक माणूस पादचारीच असतो. त्याला पुढचं अंतर धड चालता आलं नाही, तर पुढच्या वेळी तो गाडीच काढेल.

नुसतं बांधूनही भागत नाही, हे दिल्लीने दाखवलंय. चांदनी चौकात लाल किल्ला ते फतेहपुरी हा सुमारे 1.3 किलोमीटरचा रस्ता नवा करून 2021 मध्ये खुला केला, सकाळी 9 ते रात्री 9 मोटारवाहनांना बंदी घातली. रस्ता देखणा झाला. पण पहारा ढिला पडला की दुचाकी घुसतात, अशी ओरड तिथेही आहे. आपल्याकडे जंगली महाराज रस्त्यावर रुंद फूटपाथ झाले, लोक खरंच वापरतात. पण सायकल ट्रॅकवर गाड्या उभ्या दिसतातच. तेव्हा बांधकामाच्या बजेटबरोबर देखभालीचं आणि कारवाईचंही बजेट हवं.

आणि ही मागणी काही जगावेगळी नाही. केंद्राच्या 2006 च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणातच लिहिलंय की रस्त्याची जागा वाटताना केंद्रस्थानी माणूस हवा, वाहन नव्हे. पुण्याचं स्वतःचं पादचारी धोरणही 2016 पासून आहे. कागद भरपूर आहेत. अडतंय ते पार्किंग हलवायच्या हिमतीवर.

तेव्हा पुढच्या पादचारी दिनाला सेल्फी जरूर काढा. पण तिथे आलेल्या अधिकाऱ्यांना आणि नगरसेवकांना एवढंच विचारा: या रस्त्याच्या कायमस्वरूपी कामाचं टेंडर कधी निघणार? तारीख सांगा.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर कमेंटमध्ये भांडा, पण मुद्द्यावर.