जवानाच्या घरातील मोबाईल

जुलै २०२० मध्ये भारतीय लष्कराने आपल्या अधिकाऱ्यांना व जवानांना फेसबुक, इन्स्टाग्रामसह ८९ अ‍ॅप मोबाईलमधून काढून टाकण्याचा आदेश दिला. लष्करी गुपिते फुटू नयेत हा त्यामागील हेतू होता आणि त्याबद्दल वाद घालण्याचे कारण नाही. परंतु त्याच जवानाच्या गावी, त्याच्या मुलाच्या हातात जो मोबाईल असतो त्याची चिंता राज्यकर्त्यांना तितक्या तातडीने वाटलेली नाही.

सातारा जिल्ह्यातील मिलिटरी अपशिंगे हे गाव घरटी सैनिक देणारे म्हणून प्रसिद्ध आहे. अशा गावांतून सीमेवरच्या ठाण्यावर गेलेल्या जवानाला कुटुंब बरोबर नेता येत नाही. मुलाला बाप भेटतो तो व्हिडिओ कॉलवर, तोही तिकडे रेंज असेल तेव्हा. मुलाच्या हातून मोबाईल काढून घ्या, असा सुलभ उपदेश करणाऱ्यांनी आपण त्या मुलापासून नेमके काय हिरावून घ्यायला सांगत आहोत याचा विचार केलेला नसतो.

मूल अभिमानाने बापाचे गणवेशातील छायाचित्र टाकते, पलटणीचे नाव लिहिते. ‘तुझ्या पप्पांच्या युनिटमधला काका’ म्हणून कोणी अनोळखी माणूस ओळख काढतो. गप्पा वाढतात, छायाचित्रांची मागणी होते, आणि एक छायाचित्र हाती पडले की धमक्या सुरू होतात. इथवरचे कोणत्याही घरी घडू शकते. जवानाच्या घरी त्यात भर पडते ती मौनाची. सासऱ्याच्या आजारपणापासून कर्जाच्या हप्त्यापर्यंत सारे काही ‘त्यांना तिकडे काळजी नको’ म्हणून आई लपविते, आणि मूल तेच शिकते. ‘तुझ्या बापाची नोकरी घालवीन’ एवढे म्हटले की धमकावणाऱ्याचे काम होते. सैनिकी घरांच्या त्यागाचे गोडवे गाणाऱ्या आपल्या समाजाने हे मौन सद्गुण म्हणून जोपासले आहे.

कायदा काय करतो? २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील मुलांची माहिती घेण्यास पालकांची पडताळलेली संमती आवश्यक ठरविली, मुलांवर पाळत ठेवून जाहिराती दाखविण्यास बंदी घातली आणि २०० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली. पण त्याचे नियम निघाले नोव्हेंबर २०२५ मध्ये, आणि त्यातही कंपन्यांना अंमलबजावणीसाठी १८ महिन्यांची सवलत मिळाली. जवानांना ८९ अ‍ॅप काढायला काही दिवस पुरले. अब्जावधींची उलाढाल करणाऱ्या कंपन्यांना मात्र दीड वर्ष लागते! शिवाय संमतीचा सारा भार पडतो तो शेत आणि घर एकटीने सांभाळणाऱ्या आईवर.

२०१२ च्या पोक्सो कायद्याची गोष्ट वेगळी आहे. पीडित मुलाची ओळख प्रसिद्ध करण्यास त्यात मनाई आहे. त्याचा जबाब घेणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याने गणवेशात असू नये, असेही त्यात सांगितले आहे. वर्दीच्या दबदब्यात वाढलेल्या मुलासाठी ही तरतूद मोलाची आहे, पण ती या घरांपर्यंत कोणी पोचविलेली नाही. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांत महिला समुपदेशक असावी, मुलाची तक्रार बापाच्या युनिटला न कळविता तिच्याकडे करता यावी, ही मागणी प्रत्येक जिल्ह्यातून झाली पाहिजे. तोवर कार्यकर्त्यांनी १०९८ व १९३० हे दोन क्रमांक आपल्या गावातील जवानांच्या घरी नेऊन द्यावेत, आणि ते मुलांच्या देखत आईच्या हाती द्यावेत.