गळाला लागलेला मासा सोडताना

‘टीचर, मासा पकडून परत पाण्यात सोडला तर सवाब मिळतो का?’ उन्हाळी सुटीच्या तोंडावर आठवीच्या वर्गात हा प्रश्न आला. विचारणाऱ्याने मोबाईलवर काश्मीरच्या नद्यांत ट्राउट पकडणाऱ्यांचे व्हिडिओ पाहिले होते. बारीक रॉड, केसासारखी दोरी, मासा हातात धरून हसरा फोटो आणि मग तो पाण्यात परत. सुटीत खडवलीला भातसा नदीवर हाच प्रयोग करायचा बेत होता. कल्याण-डोंबिवलीच्या मुलांना नदी म्हटलं की खडवलीच आठवते. भातसा धरणातून मुंबईसाठी सोडलेलं पाणी याच पात्रातून पिसे बंधाऱ्याकडे जातं, त्यामुळे मे महिन्यातही ती वाहती असते.

सवाबाचा हिशेब अल्लाहकडे. पण सोडलेला मासा जगतो की मरतो, हे शिकवता येण्यासारखं आहे आणि प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच आहे. हातातून सुळकन निसटलेला मासा जगलाच असं नाही. तो तासाभराने, कधी दुसऱ्या दिवशीही मरतो. तोवर आपण घरी पोहोचून फोटो दाखवत बसलेलो असतो.

आधी ट्राउटबद्दल. हा मासा मुळात आपल्या देशातला नव्हेच. 1900 च्या सुमारास इंग्रजांनी त्याची अंडी विलायतेहून काश्मीरला आणली. पहलगामची लिद्दर, कोकरनागचे झरे, असं थंडगार पाणी त्याला मानवलं. तिथे आजही मत्स्य विभागाचा परवाना काढावा लागतो, नदीचे टप्पे ठरवून दिलेले असतात आणि किती मासे घरी न्यायचे यावर मर्यादा असते. आपल्या उल्हास, काळू, भातसा या नद्यांत ट्राउट तग धरणार नाही. पाणी विसेक अंशांच्या वर गेलं की त्याची तगमग सुरू होते.

आपल्याकडचा त्या तोडीचा मासा म्हणजे महासीर. सह्याद्रीतल्या दगडगोट्यांच्या वाहत्या नद्यांत राहणारा, मोठ्या खवल्यांचा, गळाला लागला की दोरी घेऊन पळणारा. पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या महासीरचं वर्णन कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने 1839 सालीच करून ठेवलं आहे. आता मात्र बंधारे, वाळूउपसा, सुरुंग लावून केलेली मासेमारी आणि कारखान्यांचं पाणी यांनी त्याच्या जागा कमी केल्या. वाडा तालुक्यात तिळसे इथे वैतरणेच्या डोहातले मासे आणि महाडजवळ वाळणकोंडीतले महासीर गावकऱ्यांनी देवाचे म्हणून राखले आहेत. तिथे गळ टाकत नाहीत. श्रद्धा त्यांची, पण मासा टिकला हे डोळ्यांना दिसतं. लोणावळ्याला वळवण तलावाजवळ टाटांच्या केंद्रात 1970 च्या दशकापासून महासीरची पैदास होते आणि तिथली पिलं ठिकठिकाणी सोडली जातात.

आता हाताळणी. हलकं साहित्य म्हणजे माशावर मेहेरबानी, असा मुलांचा समज असतो. तो तितकासा खरा नाही. दोरी फार नाजूक असली की जोर लावता येत नाही, मग मासा थकून उलटा होईपर्यंत त्याला पळवत बसावं लागतं. जोरात धावल्यावर आपल्या पोटऱ्या भरून येतात ना, तसं त्याच्या सगळ्या अंगाचं होतं. त्यात पाणी जितकं गरम, तितका त्यात विरघळलेला प्राणवायू कमी. म्हणजे मे महिन्याच्या दुपारी बारीक दोरीवर दहा मिनिटं झुंजवलेला मासा सोडणं हे सोडणं नव्हेच. दोरी माशाच्या ताकदीला पुरेल अशी घ्यावी, त्याला लवकर काठाशी आणावं, आणि सोडायचाच असेल तर फज्रनंतरच्या गार पाण्यात गळ टाकावा. दुपार नदीला राहू द्यावी.

गळाच्या टोकाशी मागे वळलेला एक बारीक काटा असतो. तोच मासा सुटू देत नाही आणि काढताना तोच त्याचा जबडा फाडतो. पकडीने तो दाबून सपाट करायला अर्धं मिनिट लागतं. कणकेचा गोळा किंवा गांडूळ लावलं की मासा गळ पार घशात घेतो. अशा वेळी ओढाताण न करता तोंडाजवळ दोरी कापून टाकलेली बरी. खेचून काढलेल्या गळापेक्षा आत राहिलेल्या गळासह मासा जगण्याची शक्यता जास्त असते. (कापलेली नायलॉनची दोरी मात्र काठावर टाकू नका. तिच्यात बगळ्यांचे पाय अडकतात.)

सगळ्यात महत्त्वाचे आपले हात. माशाच्या अंगावरचा बुळबुळीतपणा हे त्याचं संरक्षण आहे, जंतू आणि बुरशी तोच बाहेर ठेवतो. कोरड्या हाताने, रुमालाने किंवा तापलेल्या खडकावर ठेवून धरलं की तो निघून येतो. म्हणून हात आधी पाण्यात बुडवायचे. कल्ल्यांत बोट घालायचं नाही, पोट दाबायचं नाही, आणि शक्यतो गळ पाण्यातच काढायचा. फोटो हवाच असेल तर मासा वर घेताना आपलाही श्वास रोखून धरावा. आपल्याला श्वास घ्यावासा वाटला की मासा पाण्यात गेलाच पाहिजे. मग त्याचं तोंड प्रवाहाकडे करून, खालून हलका आधार देऊन थांबायचं. तो स्वतःहून निघाला की हात काढायचा. ढकलायचं नाही, फेकायचं तर अजिबात नाही.

इथवर जीवशास्त्र झालं. पण मुळात नुसत्या मौजेसाठी जिवाला गळाला लावून सोडून द्यावं का? मी मुफ्ती नाही, मसला आलिमांना विचारावा. पाण्यातली शिकार आपल्यासाठी हलाल असल्याचं सूरह माइदामध्ये स्पष्ट आहे आणि माशाला जबह करावं लागत नाही. पण जिवंत प्राण्याला नेमबाजीचं निशाण करायला नबी (स.) यांनी मनाई केली आहे, आणि जबह करायचं तर सुरीला धार लावून जनावराला आराम द्यायला सांगितलं आहे. त्यामुळे माझं मत असं: गळ टाकायचा तो खाण्यासाठी. आणि ही सगळी काळजी शिकायची ती लहान पिलू किंवा अंड्यांनी भरलेली मादी लागली तर तिला धडधाकट परत करता यावं म्हणून. काळू नदीवर वर्षानुवर्षं बसणारे आमच्या ओळखीचे एक चाचा हेच करतात. वीतभराहून लहान मासा ते पाण्याबाहेर काढतच नाहीत. घरी न्यायचा मासा प्लास्टिकच्या पिशवीत तडफडत ठेवणं हेही मला पटत नाही.

सोडण्यातही अक्कल लागते. लोणावळ्यात वाढलेला महासीर चांगल्या हेतूने कावेरीतही सोडला गेला. तिथला मूळचा पाठीवर कुबड असलेला महासीर त्याच्यापुढे मागे पडला. या कुबडवाल्याला ‘टोर रेमादेवी’ हे शास्त्रीय नाव 2018 मध्ये निश्चित झालं आणि त्याच सुमारास तो अतिधोक्यातल्या जातींच्या यादीत गेला. घरच्या काचेच्या टाकीतले मासे कंटाळा आला म्हणून तलावात किंवा नदीत सोडणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. थाई मांगूर पाळायला देशात बंदी आहे ती उगाच नाही.

आणि आता जून येतो आहे. पहिल्या जोराच्या पावसात शहापूर, मुरबाड, कल्याणच्या ओढ्यांतून मासे पाण्याविरुद्ध चढत भातखाचरांत अंडी घालायला येतात. आपल्याकडे त्यांना वळगणीचे मासे म्हणतात. गाभोळीने भरलेले, हाताने धरावेत इतके सोपे. समुद्रात यांत्रिक होड्यांना 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, पण खाचरात कोण पाहायला येतो? सूरह आराफमध्ये किनाऱ्यावरच्या त्या वस्तीचा किस्सा आहे, जिथे मनाईच्या दिवशी म्हणजे शनिवारीच मासे वर तरंगत येत आणि इतर दिवशी दिसत नसत. मला वळगणीच्या दिवसांत तो हटकून आठवतो. त्या दिवसांत आमच्या घरी गाभोळी आणत नाहीत. पिलं खाचरातच वाढतात आणि पाणी उतरू लागलं की ओढ्याने नदीत परततात. तोवर सुकट आणि सुके बोंबील आहेतच.