रान पाहून पीक, की पाकीट पाहून?



मृग जवळ आला की कृषी केंद्रासमोर रांग लागते. त्या रांगेत नाल्याकाठच्या चार फूट काळ्या रानाचा मालक उभा असतो आणि वीतभर मातीखाली मुरूम असलेल्या बरडाचा धनीही उभा असतो. दोघेही कपाशीचे एकच पाकीट घेऊन घरी जातात. दिवाळीनंतर एकाचे वावर पांढरे होते, दुसऱ्याच्या पऱ्हाटीवर कवडी राहते. मग गाव म्हणते, याला शेती जमत नाही. बँक म्हणते, हा थकबाकीदार आहे. रानाचे नाव मात्र कोणी घेत नाही.

मी कृषी पदवीधर आहे. कॉलेजात आम्हाला पिकांचा तक्ता पाठ करायला लावत. कपाशी : उष्ण हवामान, पाचशे ते सातशे मिलिमीटर पाऊस, मध्यम ते भारी निचऱ्याची जमीन. तो तक्ता लिहून मी मार्क मिळवले. पुढे नोकरीत असताना तोच तक्ता घेऊन गावोगाव फिरलो आणि साऱ्या गावाला एकच शिफारस वाचून दाखवली. एकदा सभा संपल्यावर एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने मला आपल्या वावरात नेले, हातात पहार दिली आणि म्हणाला, "साहेब, खणा." फूटभर गेल्यावर पहार मुरमावर ठण्णकन वाजली. तो म्हणाला, "आता तुमच्या कागदातली जमीन कुठं आहे ते दाखवा." मला उत्तर देता आले नाही. आजचा हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर आहे.

आपल्याकडे शेतीचे दोन प्रकार सांगतात, बागायती आणि कोरडवाहू. हे खरे आहे, पण अपुरे आहे. कोरडवाहूच्या पोटातही दोन शेती आहेत, खोल रानाची आणि उथळ रानाची. वऱ्हाडात आणि मराठवाड्यात सरासरी पाऊस सातशे ते नऊशे मिलिमीटर पडतो. तक्त्याप्रमाणे तो कपाशीला पुरायला हवा. पुरत नाही, कारण पाऊस कमी नसून तो साठवायला जागा कमी आहे. कोरडवाहू शेतकऱ्याचे धरण म्हणजे त्याची माती, आणि त्या धरणाची उंची म्हणजे मातीची खोली.

आता हिशेब करू. पिकाला वापरता येईल असे पाणी काळी माती फुटाला ढोबळमानाने पन्नास मिलिमीटर धरते. भर फुलाबोंडावर आलेल्या कपाशीला दिवसाला चार ते पाच मिलिमीटर पाणी लागते. म्हणजे एक फूट मातीत दहा-बारा दिवसांचे पाणी, तीन फूट मातीत महिनाभराहून अधिक.

हा हिशेब पंचांगाशी लावा. जूनच्या शेवटच्या आठवड्यात पेरलेली कपाशी पाऊस परततो तेव्हा, म्हणजे ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात, शंभर ते एकशे दहा दिवसांची असते. आपण लावतो त्या संकरित वाणांपैकी बऱ्याच वाणांची मुदत एकशे साठ ते एकशे ऐंशी दिवस. शेवटचे पन्नास ते ऐंशी दिवस पिकाने मातीतल्या ओलीवर काढायचे. खोल रानात ते काढते, कारण पुढे थंडी पडून पाण्याची गरजही कमी होते. एक फुटाच्या रानात दसऱ्याच्या आसपास ओल संपते. पाते गळते, वरची बोंडे भरत नाहीत, जी फुटतात ती कवडी. खत तेच, फवारणी तीच, मेहनत तीच. पीक मात्र त्या रानाच्या मुदतीचे नव्हते.

मग हलक्या रानात लांब मुदतीचे वाण आले कसे? याचे उत्तर बियाण्याच्या किमतीत आहे.

संकरित कपाशीचे बी हाताने परागीकरण करून तयार होते, म्हणून महाग. २०२५ च्या खरिपासाठी बीटी दोनच्या ४७५ ग्रॅम पाकिटाचा कमाल भाव केंद्र सरकारने ९०१ रुपये ठरवला होता. एवढे महाग बी दाट पेरणे परवडत नाही, म्हणून ते विरळ लावतात. तीन फूट बाय दोन फुटांवर एकरी सुमारे सात हजार झाडे बसतात. झाडे थोडी असली की प्रत्येक झाडावर खूप बोंडे धरावी लागतात. खूप बोंडे धरायची तर झाडाला जास्त दिवस द्यावे लागतात. अशी ही साखळी आहे : बी महाग म्हणून झाडे थोडी, झाडे थोडी म्हणून मुदत लांब, मुदत लांब म्हणून हलके रान कोरडे पडते. शिवाय पऱ्हाटी डिसेंबर-जानेवारीपर्यंत उभी राहिली की गुलाबी बोंडअळीला घरबसल्या जेवण मिळते. २०१७ च्या हंगामात या अळीने काय केले ते आपल्यापैकी कोणी विसरलेले नाही. फरदडीने तर तिची पुढच्या वर्षाची सोय लागते.

भारताबाहेर कापूस पिकवणारे बहुतेक देश सरळ वाण दाट पेरतात. दोन फूट बाय चार इंच अंतरावर एकरी पासष्ट हजारांच्या वर झाडे बसतात. झाडाला आठ-दहा बोंडे आली तरी पुरे, आणि थोडी बोंडे लवकर पक्व होतात. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने 'सूरज', अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने 'रजत' असे सरळ वाण दिले. दाट पेरणीचे प्रयोग विदर्भातल्या शेतकऱ्यांच्या हलक्या रानावरही झाले. सरळ वाणाचे बी आपल्याला घरी राखता येते. नेमके म्हणूनच ते विकण्यात कोणाला रस नाही. २००२ साली आपल्याकडे परवानगी मिळालेल्या पहिल्या बीटी जनुकावर भारतात पेटंट नव्हते. तो गुण त्याच वेळी सरळ वाणांत घालून गावोगाव पोहोचवता आला असता. बाजार मात्र संकरित बियाण्यांनी भरला.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो, नाहीतर उद्या तुम्ही मला धराल. दाट पेरणी म्हणजे जादू नाही. बी जास्त लागते, तण सुरुवातीलाच आवरावे लागते, आणि बिगरबीटी वाणावर हिरव्या बोंडअळीकडे रोज लक्ष ठेवावे लागते. म्हणून सगळे वावर एकदम बदलू नका. एक एकरावर करून पाहा, मग ठरवा.

आता ज्वारीकडे येऊ. पाण्याचा ताण पडला की ज्वारी पाने गुंडाळून थांबते आणि पाऊस आला की पुन्हा चालू लागते. खरीप ज्वारी शंभर-एकशे पंधरा दिवसांत निघते. हलक्या-मध्यम रानाला तिच्याइतके जुळणारे धान्य दुसरे नाही. तरी १९६०-६१ साली राज्यात साठ लाख हेक्टरांच्या वर असलेली ज्वारी आज निम्म्याहूनही खूप खाली आली. हवामान बदलले म्हणून? नाही. काढणीच्या वेळी पाऊस आला की कणीस काळे पडते, उभ्या पिकात रोही आणि रानडुकरे शिरतात, आणि जे घरात येते त्याला भाव नाही. २०२५-२६ साठी संकरित ज्वारीचा हमीभाव ३,६९९ रुपये आणि मध्यम धाग्याच्या कापसाचा ७,७१० रुपये जाहीर झाला. ज्वारी गेली, तिच्यासोबत कडबा गेला. कडबा गेला म्हणून बैल गेले, बैल गेले म्हणून शेणखत गेले. आणि शेणखत गेले तशी मातीची पाणी धरण्याची ताकद गेली. आपले धरण आपणच गाळाने भरू दिले.

म्हणून मी म्हणतो, पिकाला लागणाऱ्या अटी तक्त्यात चार आहेत : माती, पाणी, ऊन आणि दिवस. पाचवी अट भाव, ती तक्त्यात लिहिलेली नसते. पहिल्या चार अटी पाळणारे पीक पाचव्या अटीवर मरते, आणि मग शेतकरी रानाला न जुळणारे पीक घेतो. त्याचीही खात्री राहत नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये, आपला कापूस शेतात उभा असताना, केंद्राने कापसावरचे अकरा टक्के आयात शुल्क उठवले आणि ती सवलत डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. शेतकऱ्याला पीक बदला असे सांगणाऱ्यांनी आधी हे उत्तर द्यावे.

आपल्या मागण्या चार आहेत. बियाण्याच्या प्रत्येक पाकिटावर वाणाची मुदत आणि किती खोलीच्या रानासाठी तो आहे हे मराठीत ठळक छापा. लवकर येणाऱ्या सरळ वाणांचे बियाणे पेरणीआधी पुरेसे द्या. ज्वारीची हमीभावाने खरेदी काढणीबरोबर सुरू करा. आणि आमचा कापूस बाजारात येण्याच्या तोंडावर आयातीची दारे उघडू नका.

मागण्या सरकारकडे, पण एक काम आपल्याकडेही आहे. जिल्हा सभेला येण्याआधी प्रत्येकाने आपल्या वावरात तीन ठिकाणी खड्डा खणावा : वरच्या धुऱ्याजवळ, मध्ये आणि खालच्या अंगाला. मुरूम किंवा चुनखडी किती फुटांवर लागते ते लिहून आणावे. एक फुटाच्या आत लागला तर तिथे लांब मुदतीची पऱ्हाटी लावू नका. मूग, उडीद, ज्वारी किंवा लवकर येणारे वाण घ्या, तुरीचा तास ठेवा. दीड-दोन फूट असेल तर मध्यम मुदतीचे वाण घ्या. तीन फुटांच्या पुढे असेल तर निवड तुमची.

सभेत गावनिहाय खोलीचा तक्ता आपण स्वतः तयार करू. तो कोणत्याही कचेरीत मिळणार नाही. त्यासाठी पहार लागते, आणि ती प्रत्येकाच्या घरी आहे.