गोधडीचा गोट : आधी इस्त्री, मग सुई

आजीचे लुगडे, आईची साडी, घरातल्या गड्याचे धोतर. अंगावर वापरून विरलेले हे कापड थरावर थर घालून आपल्या बाया गोधडी शिवत आल्या. कुणी तिला वाकळ म्हणते. नाव काहीही असो, ती आधी कुठे फाटते हे सर्वांना ठाऊक आहे. ती कडेला फाटते. अंगावर ओढताना हात कडेवर पडतो, पिळताना ताण कडेवर येतो, वाळत घालताना चिमटाही तिथेच बसतो. कड उसवली की आतले थर बाहेर डोकावू लागतात आणि दोन महिन्यांचे काम दोन पावसाळ्यांत संपते. म्हणून कडेला गोट हवा, आणि तो पक्का हवा.

पण गोट लावणे म्हणजे कटकटीचे काम. 5 फूट बाय 7 फूट गोधडीची कड मोजली तर 24 फूट भरते. जाड थरांत टाचण्या वाकतात, पट्टी सरकते, कोपऱ्यावर गोळा होतो. आधी कच्चे टाके घालावे तर तेवढाच वेळ पुन्हा. दिवसभर दुसऱ्याच्या घरची धुणीभांडी करून रात्री सुई हाती घेणाऱ्या बाईला हा वेळ आणायचा कुठून? याच अडचणीवर आज एक सोपी युक्ती सांगतो.

शिलाईच्या सामानाच्या मोठ्या दुकानात इस्त्रीने चिकटणारी जाळी मिळते. तिला फ्यूजिंग वेब किंवा हेमिंग टेप म्हणतात. कोळ्याच्या जाळ्यासारखी पातळ, डिंकाचीच बनलेली. दोन कापडांच्या मध्ये ठेवून इस्त्री दाबली की ती वितळते आणि दोन्ही कापडे धरून ठेवते. घेताना एक ध्यानात ठेवावे. कॉलरला लावतात तो चिकट बक्रम वेगळा. त्याला एकाच बाजूला डिंक असतो आणि कापड कडक होते. तो आपल्या कामाचा नाही. जाळीतही सर्वांत पातळ तीच मागावी. जाड जाळीतून सुई नीट जात नाही आणि सुईला डिंक लागतो.

आता कृती. गोट सुती कापडाचा घ्यावा, तोही आधी धुऊन, म्हणजे पुढे आटणार नाही आणि रंग जाणार असेल तर आधीच कळेल. 44 इंच पन्ह्याच्या कापडाच्या 3 इंच रुंद 8 पट्ट्या काढाव्यात. त्याला 24 इंच कापड पुरते. पट्ट्या तिरप्या जोडाव्यात, म्हणजे जोडावर जाडी साचत नाही. मग सबंध पट्टी लांबीत दुमडून इस्त्री करावी. जुन्या साडीचे पोत विरले तरी काठ बहुधा दणकट राहतो, तोही गोटाला चालतो.

गोधडीच्या कडा सरळ कापून चारी बाजूंनी एक धावदोरा घालावा. दुमडलेल्या पट्टीच्या उघड्या कडा गोधडीच्या कडेशी जुळवून वरच्या बाजूने तीन सूत आत मशीन मारावी. कोपरा तीन सूत उरला की थांबावे, दोरा तोडावा. पट्टी आधी वर तिरपी दुमडावी, मग खाली आणून पुढच्या कडेशी जुळवावी आणि तिथून पुन्हा शिवावे. कोपरा आपोआप टोकदार येतो.

आता इस्त्री. गोधडी उलटी करावी. जाळीची पाव इंच रुंद पट्टी मागच्या बाजूला कडेपासून एक सूत आत ठेवावी. साडेसात मीटर पट्टी सबंध गोधडीला होते. जाळीला कागद असेल तर ती कागदावरून दाबून चिकटवावी, गार झाल्यावर कागद सोलावा. मग गोट वळवून मागे आणावा. त्याची घडी मशीनच्या टाक्याच्या एक सूत पलीकडे गेली पाहिजे. वर सुती फडके ठेवून इस्त्री दाबावी, सरकवू नये. आठ-दहा सेकंद मोजावे, उचलावे, पुढे ठेवावे. पाकिटावर वेळ दिला असेल तर तोच पाळावा. गार होईपर्यंत हलवू नये, कारण गरम डिंक धरत नाही. कोपरे शेवटी हाताने मोडून दाबावेत.

विजेच्या इस्त्रीवर ठिपके असतात. एक ठिपका म्हणजे सुमारे 110 अंश, दोन म्हणजे 150, तीन म्हणजे 200. पातळ जाळीला दोन ठिपके बहुधा पुरतात. गोधडीत नायलॉन किंवा पॉलिस्टरची साडी असेल तर तीन ठिपक्यांवर जाऊ नये. कापड चुरगळून चिकटते. कोळशाची इस्त्री असेल तर त्याच कापडाच्या चिंधीवर आधी पाहावे आणि मगच गोधडीला लावावी. जाळी इस्त्रीच्या तळाला लागू देऊ नये.

एवढे झाले म्हणजे काम संपले असे समजू नका. डिंक फक्त धरून ठेवतो, टिकवतो तो टाका. गरम पाणी, सोडा, दगडावरची धोपटणी यांनी डिंक सुटतो. म्हणून चिकटलेल्या गोटाला घडीवरून हाताने बारीक टाके घालावेत, नाहीतर वरून पहिल्या शिवणीच्या लगत मशीन मारावी. गोट आधीच चिकटलेला असल्याने मशीन सरळ चालते, टाचणी बोटात घुसत नाही, आणि नजर कमी झालेल्या म्हाताऱ्या बाईलाही हातटाका घालता येतो.

जाळी मिळत नसेल किंवा परवडत नसेल तर मैद्याची पातळ खळ करावी. बोटाने एक रेघ ओढून गोट दाबावा आणि इस्त्रीने वाळवावा. शिवून झाल्यावर गोधडी लगेच धुवावी. खळ निघून जाते आणि टाके राहतात. न धुता ठेवली तर खळीला झुरळे लागतात.

शेवटी पैशाची गोष्ट. आपल्या कितीतरी भगिनी बचत गटातून किंवा व्यापाऱ्यासाठी नगावर गोधड्या शिवतात. गिऱ्हाईक आधी कड आणि कोपरे पाहते, त्यामुळे चांगल्या गोटाला मोल आहे. पण त्या मोलाचा हिशेब बाईकडे हवा. एक गोधडी जुन्या पद्धतीने आणि एक जाळी लावून शिवा. दोन्ही वेळा घड्याळ पाहून गोटाला लागलेले तास वहीत लिहा. जाळीचे पैसेही लिहा. नगावर काम देणाऱ्याने कापड आणि दोऱ्याबरोबर जाळीही द्यावी, नाहीतर तिचा खर्च मजुरीत धरावा, हे काम घेण्याआधीच बोलून घ्या. काम लवकर होते म्हणून कुणी दर कमी करू लागला तर वही पुढे ठेवा आणि सांगा, की टाके पूर्वीइतकेच आहेत आणि कड पूर्वीपेक्षा सरळ आहे. एकटीने बोलणे जड जाते. वस्तीतल्या चौघींनी एकच दर ठरवून बोलावे.

आणि घरच्यासाठी शिवत असाल तर वाचलेला तासभर दुसऱ्या कामाला जुंपू नका. त्या रात्री जरा लवकर झोपा.