प्रश्न तीन पेन्सचा नव्हता

१६ डिसेंबर १७७३ च्या रात्री अमेरिकेतील बोस्टन बंदरात उभ्या असलेल्या तीन जहाजांवरील चहाच्या ३४२ पेट्या फोडून समुद्रात रिकाम्या करण्यात आल्या. माल ईस्ट इंडिया कंपनीचा होता आणि त्याची किंमत साडेनऊ हजार पौंडांहून अधिक होती. पाठ्यपुस्तके ही घटना करवाढीविरुद्धचा उद्रेक म्हणून सांगतात. वस्तुतः त्या वर्षी मे महिन्यात ब्रिटिश पार्लमेंटने संमत केलेल्या चहाच्या कायद्याने करात एका पैचीही वाढ केलेली नव्हती. रत्तलामागे तीन पेन्सची जुनी जकात तेवढी कायम राहिली. उलट इंग्लंडमध्ये भरावी लागणारी जकात कंपनीला माफ झाली आणि मधल्या व्यापाऱ्यांना वगळून आपल्या अडत्यांमार्फत थेट विक्री करण्याची मुभा तिला मिळाली. परिणामी कंपनीचा चहा पूर्वीपेक्षा स्वस्त, डचांकडून चोरून आणलेल्या चहाशी बरोबरी करील इतका स्वस्त होणार होता.

स्वस्त माल दारात आला असता लोकांनी तो समुद्रात का बुडवावा? ग्राहकाच्या नफ्यातोट्यापलीकडे न पाहणाऱ्या अर्थशास्त्रापाशी याचे उत्तर नाही. ज्यांना ते शोधावयाचे आहे त्यांनी चहाच्या किमतीकडे न पाहता त्या किमतीवर हुकमत कोणाची, हे पाहिले पाहिजे. अमेरिकन स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला २०२६ साली अडीचशे वर्षे होत असताना हा प्रश्न नव्याने विचारणे अगत्याचे आहे. कारण त्या बंडाविषयी दोन सोप्या भूमिका रूढ आहेत. एक त्याला मानवी स्वातंत्र्याची निर्मळ पहाट मानते. दुसरी, विशेषतः डाव्या वर्तुळात आढळणारी, त्याला व्यापाऱ्यांचे व जमीनदारांचे कारस्थान म्हणून निकालात काढते. दोन्ही भूमिका अपुऱ्या आहेत.

या तंट्याची मुळे कर्जात आहेत. सात वर्षांचे युद्ध १७६३ साली पॅरिसच्या तहाने संपले, तेव्हा ब्रिटनचे राष्ट्रीय कर्ज साडेसात कोटी पौंडांच्या आसपासहून तेरा कोटींच्या घरात गेले होते. फ्रेंचांचा पराभव करून कॅनडा मिळाला, परंतु त्याचा बंदोबस्त ठेवण्यासाठी अमेरिकेत सुमारे दहा हजारांची फौज ठेवण्याचे ठरले आणि तिच्या खर्चाचा काही भार तेरा वसाहतींवर टाकण्याची नीती लंडनने स्वीकारली. वसाहतींनी कच्चा माल पुरवावा, ब्रिटनचा पक्का माल घ्यावा आणि व्यापार ब्रिटिश साम्राज्याच्याच जहाजांतून करावा, ही व्यवस्था शंभर वर्षांपूर्वीच कायद्याने सिद्ध झाली होती. मात्र तिची अंमलबजावणी ढिली असल्याने ती सुसह्य होती. आता ती आवळली गेली.

१७६४ च्या साखर कायद्याचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. वेस्ट इंडीजमधील फ्रेंच बेटांवरून येणाऱ्या उसाच्या मळीवरील जकात या कायद्याने गॅलनमागे सहा पेन्सवरून तीन पेन्सवर आणली. दर निम्मा झाला, आणि असंतोष वाढला. कारण सहा पेन्सची जकात कोणी फारशी भरतच नव्हते. तीन पेन्सची मात्र आरमाराच्या धाकाने वसूल होणार होती. त्याच वर्षी वसाहतींना कायदेशीर चलन म्हणून कागदी नोटा काढण्यास मनाई झाली. सोन्याचांदीची आधीच टंचाई असलेल्या प्रदेशात याचा अर्थ एकच होता : कर्जदार शेतकऱ्याच्या आणि कारागिराच्या गळ्याभोवतीचा फास घट्ट होणे. त्यावर १७६५ चा मुद्रांक कायदा आला. वृत्तपत्रे, दस्तऐवज, परवाने, एवढेच काय पत्ते आणि फासेदेखील त्याच्या कक्षेत आले, आणि हा कर ब्रिटिश चलनात भरावयाचा होता.

प्रतिनिधित्वावाचून कर नाही, ही घोषणा याच वेळी सर्वतोमुखी झाली. ती वकिलांनी व व्यापाऱ्यांनी शब्दबद्ध केली असली तरी मुद्रांक कायदा हाणून पाडला तो रस्त्यावरच्या माणसांनी. बोस्टनमध्ये १४ ऑगस्ट १७६५ रोजी मुद्रांक अधिकाऱ्याच्या पुतळ्याला फाशी देणाऱ्या जमावाचा म्होरक्या एबेनेझर मॅकिंटॉश हा जोडे शिवून पोट भरणारा माणूस होता. बंदरोबंदरी खलाशी, हमाल, कारागीर पुढे आले. अधिकाऱ्यांनी राजीनामे दिले. कायदा कागदावरच राहिला आणि मार्च १७६६ मध्ये पार्लमेंटला तो मागे घ्यावा लागला. मात्र त्याच श्वासात वसाहतींवर हवे ते कायदे लादण्याचा आपला अधिकार पार्लमेंटने वेगळ्या कायद्याने जाहीर केला. रक्कम सोडावयाची, अधिकार सोडावयाचा नाही. १७६७ साली काच, शिसे, रंग, कागद व चहा यांवर बसवलेल्या जकाती १७७० मध्ये रद्द करतानाही चहावरील तेवढी जकात ठेवण्यात आली, ती याच हेतूने.

५ मार्च १७७० रोजी बोस्टनमध्ये गोऱ्या सोजिरांच्या गोळीबारात पाच जण ठार झाले. या रक्तपाताला मजुरीच्या प्रश्नाचीही पार्श्वभूमी होती, हे सहसा सांगितले जात नाही. सोळा हजारांच्या आतबाहेर वस्तीच्या त्या शहरात १७६८ पासून फौज तळ देऊन होती. तुटपुंज्या पगारावरचे सैनिक फावल्या वेळात कमी मजुरीवर कामे करीत आणि शहरातील श्रमिकांचा रोजगार बुडे. गोळीबाराच्या तीनच दिवस आधी एका दोरखंडाच्या कारखान्यात काम मागावयास गेलेल्या सैनिकाची कामगारांनी टर उडविली आणि त्यातून मोठी मारामारी झाली. मृतांपैकी क्रिस्पस ॲटक्स हा आफ्रिकी व आदिवासी वंशाचा खलाशी होता. सैनिकांचे वकीलपत्र घेणारे जॉन ॲडम्स यांनी न्यायालयात त्या जमावाचे वर्णन उनाड पोरे, काळे, आयरिश आणि परके खलाशी यांचा खिचडी घोळका अशा अर्थाच्या शब्दांत केले. हेच ॲडम्स पुढे अमेरिकेचे दुसरे अध्यक्ष झाले. चळवळीला ज्यांच्या छातीची गरज होती त्यांच्याविषयी तिच्या पुढाऱ्यांना काय वाटत होते, याची ही खूण आहे.

आणि चहा? तो चीनचा होता. परंतु १७७३ च्या पेचाचा एक धागा बंगालपर्यंत पोहोचतो. १७६५ साली कंपनीला बंगाल, बिहार व ओरिसा यांची दिवाणी मिळाली. तेव्हापासून हिंदुस्थानातील माल हिंदुस्थानातीलच साऱ्यातून विकत घेण्याची सोय झाली, आणि कँटनमधील खरेदीलाही या महसुलाचा हातभार लागला. कंपनीच्या समभागांचे भाव चढले, लाभांश वाढले, ब्रिटिश सरकारने वर्षाला चार लाख पौंडांचा आपला वाटा ठरवून घेतला. १७६९-७० मध्ये बंगालवर भीषण दुष्काळ कोसळला. लोकसंख्येचा तिसरा हिस्सा नष्ट झाला असे तत्कालीन इंग्रज अधिकाऱ्यांचेच अनुमान होते. तरीही १७७१ सालची सारावसुली दुष्काळापूर्वीच्या १७६८ सालाहूनही अधिक झाल्याची कबुली वॉरन हेस्टिंग्ज यांनी संचालकांना दिली. एवढे पिळूनही लष्करी खर्च, नोकरांची खाजगी लूट आणि फुगविलेले लाभांश यांचा मेळ बसेना. १७७२ मध्ये लंडनच्या पतपेढ्या कोलमडल्या तेव्हा कंपनी दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आली. तिच्या गुदामांत एक कोटी सत्तर लाख रत्तलांच्या आसपास चहा पडून होता.

१७७३ साली पार्लमेंटने कंपनीला वाचविण्यासाठी तीन गोष्टी केल्या. चौदा लाख पौंडांचे कर्ज दिले. रेग्युलेटिंग ॲक्ट संमत करून बंगालच्या कारभारावर गव्हर्नर जनरल बसविला. आणि चहाचा साठा अमेरिकनांच्या गळी उतरविण्याची वाट मोकळी केली. कलकत्त्याचा तो कायदा आणि बोस्टनचा हा कायदा ही एकाच वर्षाची, एकाच दिवाळखोरीतून जन्मलेली भावंडे होत. अमेरिकनांना याची जाणीव नव्हती असे नाही. पेनसिल्व्हानियाचे जॉन डिकिन्सन यांनी त्याच वर्षी टोपणनावाने लिहिलेल्या पत्रात कंपनीच्या आशियातील अत्याचारांचा पाढा वाचला आणि एका वर्षात पंधरा लाख माणसे उपासमारीने मेल्याचे सांगून, हीच कंपनी आता आपल्या देशाकडे वळली आहे, असा इशारा दिला.

स्वस्त चहा का बुडवला गेला, हे आता उलगडते. आज चहा स्वस्त देणारी मक्तेदारी उद्या इतर मालाचाही व्यापार हाती घेईल आणि प्रतिस्पर्धी बुडाले की भावही तीच ठरवील, हे लोकांनी ओळखले. कंपनीच्या निवडक अडत्यांत गव्हर्नर हचिन्सन यांचे दोन मुलगे होते, ही गोष्टही नजरेतून सुटली नाही. बड्या व्यापाऱ्यांना चोरट्या मालाचा धंदा बुडण्याची भीती होती, हे खरेच. परंतु पेट्या फोडणाऱ्या हातांत जॉर्ज ह्यूज यांच्यासारख्या गरीब चर्मकारागिराचेही हात होते, आणि त्याच्याजवळ बुडण्यासारखा धंदा नव्हता.

लंडनने सूड उगवला. १ जून १७७४ पासून बोस्टन बंदर बंद करण्यात आले, मॅसॅच्युसेट्सचे स्वायत्त अधिकार छाटण्यात आले. पण प्रतिकार शहरातून खेड्यांत पसरला. ६ सप्टेंबर १७७४ रोजी वूस्टर या गावी साडेचार हजारांहून अधिक शेतकरी जमले, त्यांनी राजाचे न्यायालय भरू दिले नाही आणि अधिकाऱ्यांना टोप्या हातात घेऊन दुतर्फा रांगांमधून चालत आपली माघार पुन्हा पुन्हा वाचून दाखवावयास लावली. एकही गोळी न झाडता तेथली ब्रिटिश सत्ता संपली. लेक्झिंग्टनची लढाई त्यानंतर सात महिन्यांनी झाली. फिलाडेल्फियाच्या काँग्रेसने त्याच शरद ऋतूत ब्रिटिश मालावर बहिष्कार पुकारला आणि तो पाळला जातो की नाही हे पाहण्यासाठी गावोगाव निवडून आलेल्या समित्या नेमण्याचे ठरविले. स्त्रियांनी घरोघर सूत काढले. याच समित्यांच्या हाती हळूहळू स्थानिक कारभार आला. कार्यकर्त्यांनी या बंडातून काही शिकावयाचे असेल तर ते येथे आहे : पर्यायी सत्ता प्रथम अशा समित्यांतून उभी राहिली, तोफा नंतर आल्या.

तथापि याच वसाहतींच्या पोटात दुसरे तंटेही धुमसत होते. १७६६ मध्ये हडसन खोऱ्यातील कुळांनी बड्या जमीनदारांविरुद्ध उठाव केला तेव्हा तो मोडण्यासाठी जमीनदारांना ब्रिटिश फौज गोड वाटली. मुद्रांक कायद्याविरुद्ध दंगा करणारे न्यूयॉर्कचे स्वातंत्र्यवीर या कुळांच्या विरोधात उभे राहिले. दंग्याचा हक्क केवळ आपलाच असे यांना वाटते, असा शेरा एका ब्रिटिश अधिकाऱ्याने रोजनिशीत मारला आहे. उत्तर कॅरोलायनात भ्रष्ट शेरीफ आणि जाचक कर यांविरुद्ध उठलेल्या शेतकऱ्यांना १६ मे १७७१ रोजी अलामान्स येथे गव्हर्नरच्या सैन्याने चिरडले आणि पुढे सहा जणांना फासावर दिले. त्या सैन्यात पुढे राजाविरुद्ध लढलेले मातब्बर लोकही होते. पश्चिमेकडील ज्या जमिनींवर वसाहत करण्यास राजाने १७६३ मध्ये मनाई केली होती, त्यांवर डोळा ठेवून असलेल्यांत जॉर्ज वॉशिंग्टन होते. त्या जमिनींच्या मूळ आदिवासी मालकांना विचारण्याचा प्रश्नच कोणाला पडला नाही. आणि सुमारे पंचवीस लाखांच्या लोकसंख्येत जवळजवळ पाच लाख माणसे गुलाम होती. बोस्टनचा चहा बुडाला त्याच वर्षी मॅसॅच्युसेट्समधील गुलामांनी आपल्या मुक्ततेसाठी विधिमंडळाकडे अर्ज केले. ती मागणी मान्य झाली नाही.

स्वातंत्र्य मिळाले. १७८० च्या मॅसॅच्युसेट्सच्या राज्यघटनेने मतदानासाठी मालमत्तेची अट ठेवली, डोईपट्टी मात्र निर्धनालाही भरावी लागे. करांच्या आणि कर्जांच्या ओझ्याखाली दबलेल्या शेतकऱ्यांनी सप्टेंबर १७८६ मध्ये पुन्हा वूस्टरचे न्यायालय बंद पाडले. गाव तेच, मार्ग तोच. या वेळी मात्र बोस्टनच्या श्रीमंतांनी वर्गणी काढून सैन्य उभे केले, आणि १७७४ मध्ये अशाच कृत्यांची पाठराखण करणारे सॅम्युएल ॲडम्स बंडखोरांना देहदंड देण्याच्या बाजूने उभे राहिले. ज्यांच्याजवळ मालमत्ता नव्हती त्यांच्यावर प्रतिनिधित्वावाचून कर बसला, आणि तो बसविणारे कालचे देशभक्त होते.

म्हणून ते बंड खोटे ठरते काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. एकदा उच्चारलेले तत्त्व उच्चारणाऱ्याच्या मालकीचे राहत नाही. गुलामांनी, स्त्रियांनी, कामगारांनी तेच शब्द पुढे आपल्या मालकांपुढे ठेवले. चहा बुडाल्याला बरोबर शंभर वर्षे झाली त्या १८७३ साली पुण्यात जोतीराव फुले यांचा ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. फुल्यांनी तो अमेरिकेतील लोकांना अर्पण केला, पण त्या लोकांनी चहा बुडविला म्हणून नव्हे. त्यांनी गुलामांना दास्यातून मुक्त केले म्हणून. अमेरिकेच्या इतिहासातले नेमके काय घ्यावयाचे, याची याहून नेमकी निवड कोणी केलेली नाही.

कर किती, हा हिशेबनिसाचा प्रश्न आहे. तो कोणी ठरविला, कोणावर बसला आणि कोणाच्या तिजोरीत गेला, हा राजकारणाचा प्रश्न आहे. तेरा वसाहतींच्या पुढाऱ्यांनी तो लंडनला निर्भयपणे विचारला. आपल्या कुळांनी, मजुरांनी आणि गुलामांनी तोच आपल्याला विचारला तेव्हा त्यांनी पाठ फिरविली. कोणत्याही स्वातंत्र्यलढ्याची परीक्षा याच दुसऱ्या प्रसंगी होते, आणि ती घेण्याचा अधिकार तळच्या माणसाचा असतो.