रेघा पुसल्या, कॅप्शन विसरले

"असाच दिसला तुला? डोळ्यांनी?" वसईच्या मावशीने फॅमिली ग्रुपवर विचारलं आणि मी "हो" लिहून मोकळी झाले. हा लेख त्या "हो"बद्दल आहे. अर्धं कन्फेशन समजा.

१५ ऑक्टोबर २०२४, कोजागिरीची आदली संध्याकाळ. दसऱ्याच्या सुट्टीत मी घरी, भोपाळला कोलार रोडवर होते. त्या आठवड्यात त्सुचिनशान-ॲटलस हा धूमकेतू सूर्यास्तानंतर पश्चिमेला दिसत होता. १२ तारखेला, म्हणजे नेमका दसऱ्याला, तो पृथ्वीच्या सर्वांत जवळ येऊन गेला होता. बाबांचा जुना डीएसएलआर आणि ट्रायपॉड घेऊन आई आणि मी गच्चीवर गेलो. खाली रस्त्याचे दिवे, पाठीमागे पूर्वेला जवळजवळ पूर्ण चंद्र. केरव्याच्या बाजूला, शुक्र आणि स्वाती यांच्या मधल्या पट्ट्यात एक पुसट डाग सापडला, तोही छोट्या दुर्बिणीतून जागा कळल्यावर. आईला तर शेवटपर्यंत खात्रीने सांगता आलं नाही.

ग्रुपवर गेलेल्या फोटोत मात्र लांब शेपटी होती आणि तारे टाचणीच्या टोकासारखे.

हे झालं कसं? ५० एमएमची लेन्स, ५ सेकंदांचं एक्सपोजर, वीस मिनिटांत १२० फ्रेम. शटर याहून जास्त वेळ उघडं ठेवलं तर पृथ्वीच्या फिरण्यामुळे ताऱ्यांच्या रेघा होतात, कारण आकाश चार मिनिटांत एक अंश सरकतं. म्हणून फ्रेम छोट्या घ्यायच्या आणि नंतर एकावर एक रचायच्या. यालाच स्टॅकिंग म्हणतात. चार फ्रेमची सरासरी काढली की फोटोतली खरखर निम्मी होते, शंभरांची काढली की दहावा हिस्सा उरतो. मग खरखरीत बुडालेली शेपटी वर येते.

अडचण अशी की धूमकेतू ताऱ्यांबरोबर चालत नाही. त्या दिवसांत तो ताऱ्यांमधून रोज पूर्ण चंद्राच्या कितीतरी पट अंतर कापत होता. फ्रेम ताऱ्यांवर जुळवल्या तर धूमकेतू फासटतो, धूमकेतूवर जुळवल्या तर ताऱ्यांच्या रेघा होतात. उपाय म्हणजे दोन्ही करायचं. एकदा तारे जुळवून रचायचं. दुसऱ्यांदा धूमकेतूचं डोकं जुळवून, पण सरासरीऐवजी मध्यक घेऊन. धूमकेतू स्थिर धरला की प्रत्येक तारा एका जागी थोड्याच फ्रेमपुरता असतो, म्हणून मध्यक त्याला वगळतो आणि धूमकेतू एकटा उरतो. शेवटी ताऱ्यांच्या चित्रावर तो बसवायचा. डीपस्कायस्टॅकरसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये यासाठी वेगळा पर्यायच आहे. एक गंमत म्हणजे इथे घाई चालत नाही. दोन मिनिटांत फ्रेम उरकल्या तर तारे पुरेसे सरकलेलेच नसतात आणि पुसलेही जात नाहीत.

वर्गातला एक मित्र म्हणतो, "ही चीटिंग आहे. रेघा राहू द्यायच्या, त्याच खऱ्या." मला पटत नाही. १९१० च्या हॅलेच्या धूमकेतूचे फोटो बघा. दुर्बीण धूमकेतूच्या मागे फिरवत काचेवर बराच वेळ प्रकाश घेतला, म्हणून त्यातल्या कितीतरी फोटोंत तारे रेघोट्या झालेत. तारे तसे दिसत होते का? नाही. कुणाला स्थिर धरायचं, हे तेव्हाही फोटो काढणाऱ्यानेच ठरवलं होतं. रेघांचा फोटो एकाची बाजू घेतो, माझा दोघांची. माझ्या फोटोतला प्रकाशाचा प्रत्येक कण त्याच वीस मिनिटांत, त्याच गच्चीवर, त्याच लेन्समधून आलाय. बाहेरून काही आणलेलं नाही. शेपटी लांबवणं, दुसऱ्या रात्रीचे तारे चिकटवणं किंवा एआयकडून आकाश भरून घेणं ही वेगळी गोष्ट. तिथे माझी रेघ स्पष्ट आहे.

पण मित्राच्या म्हणण्यात एक काटा आहेच. तारे आणि धूमकेतू दोघंही स्पष्ट, वीस मिनिटं एकाच जागी थांबलेले, असा क्षण आकाशात कधी नव्हताच. तो मी जुळवला. धूमकेतू मधल्या फ्रेमच्या जागी बसवायचा, हेही मीच ठरवलं. यात खोटं काही नाही, फक्त ते सांगायला हवं होतं. आपण साहित्याची मुलं भाषांतराच्या पुस्तकावर अनुवादकाचं नाव नसलं तर चिडतो ना? मग फोटोवर स्वतःचंच काम लपवून मी टाळ्या कशा घेतल्या?

रविवारी मिस्सा सुटल्यावर एका काकांनी विचारलं, "आम्हाला का नाही दिसला गं? आम्ही पण गच्चीवर गेलो होतो." तेव्हा जास्त लाज वाटली. माझ्या "हो"मुळे त्यांना आपल्याच डोळ्यांची शंका आली होती. त्यांचे डोळे ठीक होते. आकाशच तेवढं उजळ होतं.

त्या संध्याकाळी ग्रुपवर फोटो पुन्हा टाकला, खाली लिहिलं: "५ सेकंदांच्या १२० फ्रेम, तारे आणि धूमकेतू वेगवेगळे रचून एकत्र केलेले. डोळ्यांना पुसट डाग दिसला. आईला तोही नक्की नाही."

आपल्या अंकातही दर वेळी सुंदर फोटो येतात, खाली फक्त नाव असतं. संपादक मंडळाला माझी विनंती आहे: फोटोसोबत तो कसा तयार झाला, याची एक ओळ मागा. सुरुवात माझ्यापासून करा.