स्वयंसेवेचा संप

सेवाभावी संस्थांत पगारी नोकर आणि बिनपगारी कार्यकर्ता यांचे सहसा पटत नाही. दोष स्वभावाला दिला जातो; वस्तुतः तो कामाच्या वाटणीचा असतो. जामखेडचे उदाहरण पाहावे. तेथे १९७० साली डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी आरोग्य प्रकल्प उभारला. प्रशिक्षित परिचारिका खेड्यात राहावयास नाखूष, म्हणून गावातल्याच, बहुधा निरक्षर स्त्रियांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केले. पगारी मंडळी त्यांच्या पाठीशी राहिली. गावात शब्द मात्र सेविकेचा.

२००५ साली शासनाने अशाच कल्पनेवर ‘आशा’ योजना आणली, पण त्यातला मान तेवढा वगळला. जवळा बाजारसारख्या गावातली आशाताई कागदोपत्री स्वयंसेविका. प्रत्यक्षात नोंदवह्या, बैठका आणि पगारी कर्मचाऱ्यांचे हुकूम. मोबदला मात्र मूळ योजनेत कामागणिक. स्वेच्छा म्हणजे नकार देण्याची मुभा. ती नसेल तर अशा कामाला नोकरीच म्हणावे. २०२३ साली महाराष्ट्रातील आशा संपावर गेल्या. स्वयंसेवकाला संप करावा लागावा, हे चमत्कारिकच! जेथे जाब विचारायचा, तेथे वेतन द्यावे. जेथे ते देणे नाही, तेथे हुकूम सोडू नये.